होळीत जळालेली टेकडी

परवा आमच्या टेकडीवर रोपं लावण्याचा कार्यक्रम झाला. मंडप, चहा, भाषणं. सरपंच म्हणाला, पूर्वी इथे झाडी होती, गुरं राखणाऱ्या ढोरक्यांनी ती चारून-तोडून संपवली. सगळ्यांनी माना हलवल्या. माझं डोकं फिरलं. हे खोटं आहे, आणि ते पहिल्यांदा बोलणाऱ्यांत मी होतो.

महाराष्ट्र राज्य नवंच झालं होतं. आमचं गाव जळगाव जामोदच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. टेकडी बोडकी, त्यामुळे दर पावसाळ्यात वरचा मुरूम वाहून आमच्या शेतांत पसरायचा. शेवटी गावानं ठरवलं, टेकडीवर कुऱ्हाड बंद, चराई बंद. याचा सगळ्यात जास्त त्रास गावच्या ढोरक्याला झाला. त्याला कळप नाल्यापलीकडे लांब न्यावा लागे. तरी त्यानं एक जनावर वर जाऊ दिलं नाही. जुन्या बुंध्यांना फुटवे आले. काही वर्षांत अंजन, धावडा माणसाच्या डोक्यावर गेले.

आमच्याकडे होळीसाठी नेलेलं लाकूड कोणी चोरी धरत नाही. वरचा पुरा म्हणजे आमची वस्ती, आणि खालचा पुरा, कोणाची होळी उंच याची दरवर्षी चुरस. त्या वर्षी खालच्या पुऱ्यानं टेकडीवर पहिला घाव घातला, म्हणून आम्हीही बैलगाड्या जुंपल्या. मीही कुऱ्हाड चालवली. आमची होळी मारुतीच्या कळसाला टेकली. दुसऱ्या दिवशी तिच्याच निखाऱ्यांवर पाणी तापवून बायांनी लेकरांना न्हाऊ घातलं.

मग जंगल खात्याचा नाकेदार चौकशीला आला. चावडीवर सगळे शेतीवाडीवाले बसले होते.

"ढोरक्यानं तोडलं असन," एक म्हातारा म्हणाला. "ढोराईले पाला लागते न."

नाकेदारानं मला विचारलं, "तुनं पाह्यलं का?"

"हो," मी म्हणालो.

ढोरकी चावडीच्या पायरीशी उभा होता, तो माझ्याकडे वळला. "काऊन खोटं बोलता, भाऊ? होळीची राख उकरून पाहा न. अंजनाचं खोड अजून धुपून राह्यलं."

"होळी तुह्या बापानं पेटवली का बे? तुले काय मालूम?" कोणीतरी ओरडलं. सगळे हसले.

आमच्या होळीची जागा चावडीच्या समोरच होती. धूर दिसत होता. राख कोणी उकरली नाही.

ढोरक्याचं काम गेलं. बायको-पोरं घेऊन तो गाव सोडून गेला, कुठे ते आम्ही विचारलंसुद्धा नाही. आणि आमचा निर्लज्जपणा बघा. 'त्यानं तोडलं, मग आपणच काऊन थांबायचं?' असं आमच्याच खोट्याच्या आधारावर बोलत आम्ही उरलेली टेकडी साफ केली. आता पाऊस महिना महिना दडी मारतो, आणि आला की एका दुपारी शेत नाल्यात घेऊन जातो. त्यालाही आम्ही आभाळाचा दोष म्हणतो.

परवा मंडपात उठून मी हे सगळं सांगितलं. सरपंच हसला. "आबा, होळीचं लाकूड काय चोरी असते का? जाऊ द्या न."

"मंग भाषणात ढोरक्याले काऊन आणलं बे? आमाले आण. मी इथंच बसलो."

चहा फिरला. मी घेतला नाही.

टेकडीवर नवा फलक लावला आहे, 'चराईस सक्त मनाई'. होळीबद्दल त्यावर एक शब्द नाही.