नाक राहिलं पाहिजे!

लाकडाचा भुसा झाडून काढता येतो, किस्से नाही! आमच्या शेडमध्ये दिवसाला दोन-तीन तरी साठतात, आणि कुणाला सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. तर ऐका.

शेड नेवासा फाट्याजवळ, याकोबमामांची. आम्ही तिघंच. मामा कोरतात, मी मोटरच्या चाकावर घासतो, सुमनताई रंग देतात. सध्या नाताळच्या गव्हाणीच्या मूर्तींची ऑर्डर आहे. योसेफ, मरिया, राजे, मेंढरं, उंट आणि बोटाच्या पेराएवढं बाळ. गुरुवारी चर्चचे फादर नमुना बघायला येणार. मामांची लेक पुण्याहून रोज फोन करते, "शेड बंद करा, इकडं राहायला या." तिनं फादरांनाही सांगून ठेवलंय, समजवा त्यांना. मामांनी शब्द दिलाय, ही ऑर्डर हातची गेली तर येतो. तेव्हापासून माणूस एका जागी ठरत नाही. बसले की उठतात, उठले की चाक बदलतात!

* * *

पहिलं चाक बाजारचं, दगडासारखं कडक. उंट लावला, वशिंड गायब! मी घाबरून मामांकडे नेला. "असू दे, गाढव झालं. गाढवबी लागतंच की!" तासाभरात गाढवाचे कान गेले. "मेंढरू!"

संध्याकाळी सुमनताईंनी ट्रे पाहिला. "मामा, उंट एक आन् मेंढरं सतरा! आता राजे काय मेंढरावर बसून येनार व्हय?"

* * *

जनावरांचं भागलं, माणसांचं काय? योसेफाचं नाक चाकाला टेकलं की सपाट! मामांनी मला मऊ चाक आणायला नगरला पिटाळलं. हार्डवेअरवाल्यानं विचारलं, "कशाला पाहिजे?"

मी घाईत बोलून गेलो, "नाकाला!"

त्यानं मान वर न करता बोट दाखवलं. "मेडिकल समोर."

* * *

मऊ चाक काही मिळालं नाही. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर घेतला. मामा तडकले, "आरं, नंबर जेवढा मोठा तेवढा कागद मऊ! चारशेचा आणायचा!"

सुमनताई रंग ढवळत म्हणाल्या, "आमच्या सासरी उलटं हुतं. मान जेवढा मोठा, तेवढा मानूस खरखरीत!"

मी पुन्हा नगरला.

* * *

मग मामांनी ठरवलं, चाक आपणच करू. खाली मऊ गादी, वर चारशेच्या पट्ट्या, त्यांना बारीक चिरा, म्हणजे कागद नाकाला वळसा घालून जातो. गादीला काय? मामांनी दारातली माझी रबरी चप्पल उचलली आणि गोल कापली. विचारलंसुद्धा नाही! मी बोंबललो तर म्हणतात, "दुसरीबी काढून ठेव, स्पेअर लागंल."

सुमनताई उसळल्या. "बाळयेशूच्या तोंडावर चप्पल? मी रंग देनार न्हाई!"

मामांनी चप्पल खाली टाकली. बाहेर गेले आणि स्वतःच्या स्कूटरच्या सीटचा स्पंज फाडून घेऊन आले. सीट मागच्याच महिन्यात बसवली होती.

* * *

स्पंजावर सरसानं पट्ट्या चिकटवल्या. वाळायला दिवस लागतो. मामांना दम कुठला! चहा होईपर्यंत थांबले आणि बटण दाबलं. फर्रर्र! पट्ट्या चौफेर उडाल्या. एक थेट सुमनताईंच्या अंबाड्यात!

"हलू नगा ताई," मामा म्हणाले, "तेवढीच नीट चिकटलीय!"

माझं डोकं फिरलं. "मामा, तुमच्या या घाईनंच तुम्ही पुण्याला जाणार!" मी पहिल्यांदाच त्यांच्यावर आवाज चढवला. त्यांनी उडालेल्या पट्ट्या गोळा केल्या. नवीन चाक केलं आणि वाळेपर्यंत दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिले. मला फार वाईट वाटलं.

* * *

गुरुवार उजाडला. योसेफ, मरिया, राजे, सगळ्यांची नाकं शाबूत! फक्त बाळ इतकं लहान, की नव्या चाकालाही ते जमलं नाही.

फादर आले. "जय ख्रिस्त!" झालं. एकेक मूर्ती त्यांनी डोळ्यांजवळ धरली. मामा एका पायावरून दुसऱ्या पायावर. शेवटी फादरांनी बाळ उचललं, त्याच्या तोंडावरून अंगठा फिरवला.

"मामा, याला नाक कुठंय?"

मी मान खाली घातली. सुमनताईंनी ब्रश खाली ठेवला.

मामा म्हणाले, "कालच जन्मलंय, फादर. यील हळूहळू!"

फादरांनी बाळ झग्याच्या खिशात टाकलं. दारापर्यंत गेले आणि वळले.

"मग नाक येईपर्यंत पुण्याला जायचं नाही."