सूर्यास्ताआधीचं सलाईन

"शेवटचं कधी खाल्लं?" मी विचारलं.

"काल, दिवस मावळायच्या आधी. नंतर काही नाही, डॉक्टर. पाणीसुद्धा नाही."

मी भूलतज्ज्ञ. भरल्या पोटी भूल दिली तर उलटी फुप्फुसात जाऊ शकते, म्हणून हा प्रश्न. उत्तर कायम 'काही नाही'. आपल्याकडे चहा-खारी खाण्यात धरत नाहीत. म्हणून मी हसलो. मग जीभ पाहिली. लाकडासारखी कोरडी. बीपी खाली. हसू तिथंच विरलं.

नाशिक रोडचं नर्सिंग होम. सुनीताबाई शाळेत शिक्षिका. अपेंडिक्स फुटायच्या बेतात. बाई ख्रिस्ती. तो प्रायश्चित्ताचा दिवस होता; बहुतेक ख्रिस्ती तो पाळत नाहीत, पण यांच्या छोट्या चर्चची मंडळी पाळते. पापांची क्षमा मागायची, सूर्यास्त ते सूर्यास्त निर्जळी. नवरात्र असल्याने उपवास माझाही होता. म्हणजे साबुदाण्याची खिचडी, दोन केळी आणि वेफर्स.

सिस्टरने सलाईन आणलं. बाईंनी हात चादरीत ओढला.

"हे पाणीच ना?"

"हो, मिठाचं."

"मग दिवस मावळल्यावर लावा."

इतक्या कोरड्या शरीराला भूल दिली की बीपी कोसळतं. माणूस टेबलावरच जाऊ शकतो. आणि थांबावं तर अपेंडिक्स थांबणार नव्हतं.

सर्जन म्हणाले, "अरे, झोपवून लाव."

"सर, लावल्याशिवाय झोपवू कसं?"

बाईंचे मिस्टर रडकुंडीला आलेले. "मी सांगून दमलो. ती फक्त पास्टरांचं ऐकेल."

पास्टर आले. साठीचे, उंच, जिना चढून धापा टाकत.

"अगं सुनीता, आजाऱ्याला मुभा असते. देव काही..."

आणि ते सरळ माझ्या अंगावर कोसळले. माझ्या देहयष्टीचा वैद्यकीय उपयोग आयुष्यात पहिल्यांदा झाला.

शेजारच्या कॉटवर घेतलं. नाडी हाताला लागेना. एकीला वाचवायला बोलावलेला माणूस आधी जातो की काय! पाय उंच केले, सलाईन धो धो सोडलं. थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले. बाटली पाहिली. मग खिडकी. बाहेर अजून ऊन होतं.

"पास्टर, तुमचा उपवास मोडला?" बाईंनी हळूच विचारलं.

"मोडला, बाई. पुढच्या वर्षी याचीही क्षमा मागू. हात दे."

चादरीतून हात बाहेर आला.

बीपी वर आल्यावरच भूल दिली. अपेंडिक्स निघालं, फुटायच्या आत. तेव्हापासून कुणी 'काही खाल्लं नाही' म्हणालं, की मी आधी जीभ बघतो. हसायचं की नाही, ते मग ठरवतो.