हुशार आहे, पण करत नाही

आमच्या मुलुंडात सुबोध सरांना कोण ओळखत नाही! घरी येऊन शिकवतात, एका वेळी एकच मूल, 'पर्सनल अटेन्शन'. हे अटेन्शन मी दोन वर्षं माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. भाऊ-वहिनी कामावर जातात, मग घरात मीच, निधीची रुक्मिणी आत्या. सर यायचे, हेल्मेट टीपॉयवर ठेवायचे, पंख्याखालची खुर्ची पकडायचे आणि पोरीपुढे पेपर टाकून मोबाइलमध्ये डोकं घालायचे. मध्ये चहा. चहाबरोबर खायला काही नसलं की चेहरा असा, जणू सुतकाच्या घरी आलेत.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी 'खास निधीसाठी' अभ्यासाचा प्लॅन आणला. रंगीत फाइल, वर तिचं नाव. आत लिहिलेलं, हर्षदने फिजिक्सकडे जास्त लक्ष द्यावं. मी विचारलं, हा हर्षद कोण बाबा? तर म्हणे, टायपिंग मिस्टेक. धन्य तो माणूस.

पण सरांचं खरं भांडवल म्हणजे एक वाक्य. "हुशार आहे हो, पण करत नाही." हे त्यांनी स्टेशनपासून टोलनाक्यापर्यंत घरोघर वाटलंय. पोराला मार्क पडले तर सरांमुळे, नाही पडले तर पोर करत नाही. केवढी सोय बघा! आईबाप खूश, सर सेफ, आणि बोलणी खायला पोर आहेच.

आता निधी करत नव्हती का? अहो, ही पोर दोन वर्षं गणपतीला गावी आली नाही. जेवताना ताटाशेजारी पुस्तक. केस गळून विंचरायची भीती वाटायला लागली तिला. मेडिकलच्या परीक्षेत पहिल्यांदा राहिली, म्हणून वर्षभर घरी बसून पुन्हा दिली. यंदा मार्क आणखी खाली आले. रडलीसुद्धा नाही. मला एवढंच म्हणाली, की आता बस, मला कॉमर्सला जायचंय, तू सांग ना पप्पांना.

सर संध्याकाळी 'पुढचं ठरवायला' येणार होते. त्याआधी मी माझ्या भावाला, नितेशला, स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, पोरीने जीव तोडून अभ्यास केलाय, मी साक्षीला आहे. नाही येत तिला. त्यात काय एवढं? तुला-मला तरी कुठे येत होतं? आणि तो सर फुकटचा तिला आळशी ठरवतोय.

नितेश साकीनाक्याला वर्कशॉपमध्ये मशीनवर असतो. बोलणारा माणूस नव्हे तो. त्याने गळका नळ आवळून बंद केला.

"आळशी म्हणतात तर म्हणू दे गं, ताई," तो म्हणाला. "आळस घालवता येतो."

पाण्याची बाटली भरायला आलेली निधी दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं आणि तशीच मागे फिरली.

सर आले. खुर्ची, पंखा, चहा. मार्क पाहिले न पाहिले तोच ते ठरलेलं वाक्य बाहेर पडलं. अजून एक वर्ष द्या म्हणाले, रोज येतो, माझ्या पद्धतीने केलं तर सीट पक्की. माझं डोकंच फिरलं. मग दोन वर्षं काय शेजाऱ्यांच्या पद्धतीने करत होती, असं मी तोंडावर विचारलं. तर हा गृहस्थ हसतो आणि मलाच समजावतो, की पुस्तक समोर उघडं असणं म्हणजे अभ्यास नव्हे. मी निधीकडे वळले.

"सांग ना गं यांना. केलास की नाही अभ्यास?"

निधीने सरांकडे पाहिलंच नाही. ती बापाकडे बघत होती.

"नाही केला, आत्या," ती म्हणाली. "मी मोबाइलच बघत बसायचे. यंदा करते."

नितेशचा चेहरा असा खुलला, की मला बघवेना. त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, सरांसाठी गरम वडे आणतो म्हणाला आणि चपला घातल्या. सर लगेच नवं टाइमटेबल आखायला बसले. दोन वर्षं मी या माणसाच्या नावाने बोटं मोडली, पण त्या घटकेला राग आला तो माझ्या सख्ख्या भावाचा. आणि तो बिचारा शीळ घालत जिना उतरत होता.