एकेरी रस्त्याचा वळसा

एकतीस वर्षं डंपर आणि पुढे नऊ वर्षं स्वतःची छोटी गाडी चालवल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरांनी काकांना सांगितलं, आता पुरे. गल्ली त्यांना डंपरकाका म्हणायची. काकांनी वाद घातला नाही. घरी आले आणि गाडीची किल्ली मुलीच्या हातात ठेवली.

पण मंगळवारी आणि शुक्रवारी थोरल्या बहिणीला, अक्काला, गुडघ्याच्या व्यायामासाठी दवाखान्यात तेच नेत. अक्का राहायची गावाच्या दुसऱ्या टोकाला. दवाखान्यातला नंबर सकाळी दहाचा. उशीर झाला की नंबर गेला, आणि व्यायाम चुकला की गुडघा आखडला. मुलीला रजा मिळेना. आत्यासाठी एखादा माणूस ठेवू, असं तिचं म्हणणं.

"मी काय मेलोय?" काका म्हणाले. "बसने नेतो."

"एकदा जरी नंबर चुकला, तर माझं ऐकायचं," मुलीने बजावलं.

नव्या खाणीत डंपर घालण्याआधी काका रिकाम्या गाडीने रस्ता पाहून येत. तसेच सोमवारी एकटे निघाले. गाडीची नेहमीची वाट धरली: चौक, पेट्रोल पंप, एकेरी रस्ता टाळून पुलाखालून डावीकडे. बावीस मिनिटं सलग चालले, आणि थांब्यावर पोचतात तोच सव्वाआठची बस डोळ्यांदेखत गेली. पुढची थेट सव्वानऊला. त्या बसने ते अक्काच्या घरापर्यंत आणि तिथून दुसऱ्या बसने दवाखान्यापर्यंत जाऊन आले. पोचायला साडेदहा. परतताना या दुसऱ्या बसच्या ड्रायव्हरला अक्काचा कोपरा दाखवून म्हणाले, उद्या सकाळी इथे माझी बहीण चढेल, फुटपाथपासून वीतभरच अंतर ठेव. आपल्याला कोणी शिकवू नये, असं त्याने तोंड फिरवूनच सांगितलं.

गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवालीने विचारलं, चेहरा का उतरलाय? काकांनी थांबा लांब असल्याची तक्रार केली आणि वाट सांगितली. तिने इस्त्री उभी ठेवली.

"काका, एकेरी रस्ता गाड्यांना. तुमच्या पायांना कोण अडवतंय?"

तिच्या दुकानामागून सरळ थांब्यावर पायऱ्या उतरत होत्या. इतक्या वर्षांत काकांनी त्या पाहिल्या नव्हत्या. गाडीच्या काचेतून दिसत नव्हत्या ना. ते खजील झाले, पण खजील होऊन काम होत नाही. त्या संध्याकाळी ते दोनदा उतरले, दोनदा चढले. एक्केचाळीस पायऱ्या. घरून थांब्यापर्यंत सहा मिनिटं, चढताना विसाव्या पायरीवर दम घ्यायचा, हे ठरवून टाकलं.

मंगळवारी ते आठलाच थांब्यावर उभे होते. अक्काकडे पोचून तिला बाहेर काढायला अर्धा तास लागला. तिच्या चपलांचे पट्टे काकांनीच लावले. तिच्या कोपऱ्यावर बस आली तेव्हा ड्रायव्हर कालचाच. त्याने काकांकडे पाहिलंही नाही. बस फुटपाथपासून बरोबर वीतभर अंतरावर थांबली. अक्का काठी टेकत एका दमात चढली.

पुढच्या वळणावर काकांचा उजवा पाय बसच्या पत्र्यावर कचकन दाबला गेला.

"अरे, सोड तो ब्रेक," अक्का म्हणाली. "तो चालवतोय ना गाडी."

"उशिरा दाबतो तो," काका पुटपुटले. पाय मात्र उचलला.

दवाखान्यात पोचले तेव्हा दहाला बारा कमी होते. अक्काचं नाव पुकारलं गेलं, ती आत गेली आणि काका बाकावर टेकले. तेवढ्यात मुलीचा फोन. आत्या आत गेलीय, त्यांनी सांगितलं. मग तिने विचारलं, शुक्रवारचं काय?

"सव्वाआठची," काका म्हणाले, आणि गुडघे चोळत परतीच्या चढाचा हिशोब मांडू लागले.