फुकटच्या डेटाबेसवर घेतलेला आळ

माझ्या बोलण्यातलं निम्मं वजा करायचं, हे तुम्हाला ठाऊक आहे. चार थेंब पडले तरी मी ढगफुटी सांगतो. पण आज काही वजा करू नका राजेहो. ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली न्हाई — आणि बायकोला तर मी न घडलेल्या गोष्टीसुद्धा सांगतो!

जालन्यातली आमची बियाण्यांची कंपनी. कोणत्या गावचा कोणता लॉट, त्याची उगवण किती टक्के, सगळं कॉम्प्युटरवर. आणि त्या कॉम्प्युटर विभागाचा साहेब मी. आठेक वर्षांमागं मालकांनी नवा डेटाबेस घ्यायचं ठरवलं. मी म्हणालो, मोठ्या कंपनीचा, लायसन्सवाला घ्या. का? खरं सांगू? त्यांच्या विक्रीवाल्यानं मला 'आर्किटेक्ट साहेब' म्हटलं होतं. बस्, एवढ्यावर मी विरघळलो.

वैशाली म्हणाली, ओपन सोर्स घेऊ. घनसावंगीहून रोज जीपनं येणारी, अजून कायम न झालेली आमची प्रोग्रामर. फुकट आहे, आतला कोड उघडा आहे, आपल्याला हवा तसा वळवता येतो, असं तिचं म्हणणं. मालक हुशार. म्हणाले, एक हंगाम दोन्ही चालवा. तिचा चांगला चालला तर तोच ठेवू, आणि तिची नोकरीही पक्की.

आणि चालला की हो! काय पळायचा! कुंभार पिंपळगावच्या लॉटची उगवण विचारावी, तर बटणावरून बोट उचलायच्या आत उत्तर हजर. आमचा लायसन्सवाला तोवर नवरदेवासारखा नटत बसलेला. मी जळत होतो — आणि नाचावंसंही वाटत होतं! अशी चीज समोर असताना कॉम्प्युटरवाल्यानं हात आवरायचे कसे? कुणी नसताना मी त्यात घुसायचो, खेळायचो.

मालकांना दाखवायच्या दिवशीही घुसलो. सकाळी, सगळे यायच्या आधी. खेळताना मीच टाकलेली एक खोटी नोंद राहिली होती, ती काढायची होती. हुकूम लिहिला — पूस. कोणती पूस, ती अट लिहायची राहिली. बटण दाबलं. अख्ख्या हंगामाच्या नोंदी साफ! पुसण्यातसुद्धा काय वेग, राजेहो! अन् बॅकअप? त्यासाठी तिनं डिस्क मागितली होती. देतो, देतो म्हणत मी दिलीच नव्हती.

मालक आले. पडदा रिकामा. वैशालीनं माझ्याकडं बघितलं, अगदी आशेनं. "सर, सकाळी तुम्ही लॉगिन केल्तं का?"

"न्हाई बुवा," मी म्हणालो. वर मालकांकडं वळलो, "साहेब, फुकटचं बियाणं अन् फुकटचा डेटाबेस — उगवलं तर उगवलं!" सगळे खो खो हसले.

हे अचानक तोंडातून गेलं, असं तुम्हाला वाटत असेल ना? सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे कुणी काय केलं याच्या नोंदीत, माझ्या नावाची एक ओळ होती. ती मी मालक यायच्या आधीच काढली होती. ती मात्र बराबर अट लावून.

महिन्याभरात वैशाली कंपनीतून गेली. मी चहाच्या टपरीवर गोष्ट फुगवत राहिलो — फुकटच्या डेटाबेसनं एक हंगाम खाल्ला, मग दोन, दिवाळीपर्यंत पाच हंगाम खाऊन ढेकरसुद्धा दिला.

यंदा लायसन्सचा खर्चा झेपेना, म्हणून मालकांनी ओपन सोर्सच आणला. तोच! मी तर हवेत आहे. बघेल त्याला धरून दाखवतो, बघा कसा पळतो! मालकांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. मी थोपटून घेतली.

मागच्या महिन्यात भोकरदनच्या स्टँडवर वैशाली भेटली. तिथं शाळेत कॉम्प्युटर शिकवते.

"आता कोणता वापरता, सर?"

"तुझाच."

"बघा! म्हणलं न्हवतं मी?" टाळी वाजवून हसली. मंग आवाज एकदम उतरला. "पण सर, त्या दिवशी माझं काय चुकलं असंल हो? मी अजून शोधून राह्यले."

"बस लागली माझी," म्हणालो आणि समोरच्या गाडीत चढलो.

गाडी संभाजीनगरची होती. मला जालन्याला यायचं होतं.