पायाळूची कंबर

मी पायाळू आहे, म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. परंड्यात आमच्या गल्लीत याला किंमत आहे. कुणाच्या कमरेत उसण भरली की तो आमच्या ओट्यावर येऊन पालथा पडतो आणि मी त्याच्या कमरेला तीनदा पाय लावते. एरवी मोठ्यांना चुकून पाय लागला तर नमस्कार करायचा असतो. पाय लावून झाला की मी विचारायचं, "दुखतंय का?" सगळे म्हणतात, "न्हाय, गेलं." त्यातले निम्मे आठवड्यानं परत येतात.

जूनमध्ये खो-खो खेळताना माझी कंबर दुखायला लागली, तेव्हा मलाही ती उसणच वाटली. खो मिळाला की उठताना कळ यायची. खेळाचे सर विचारायचे, मी "नाही, ठीक आहे" म्हणायचे. शेवटी बार्शीला एमआरआय झाला. घरात इंग्रजी शाळेत गेलेली मी एकटीच, त्यामुळे माझ्या मणक्याला बारीक चीर गेल्याचं घरच्यांना मीच रिपोर्टमधून वाचून दाखवलं.

"नीट वाच," आई म्हणाली.

मी पुन्हा वाचलं. चीर तिथंच होती.

तीन महिने पळणं बंद, वाकणं बंद, पाय लावणंही बंद. शेजारच्या आजोबांना हे पटलं नाही.

"सोताची कंबर बरी करता यीना व्हय तुला?"

"माझा पाय तिथपर्यंत पोचत नाही, आजोबा."

"मग दुसरा पायाळू बघू की."

त्यांनी खरंच सोनारीहून एक गृहस्थ आणले. आईनं त्यांना चहा देऊन परत पाठवलं.

पुढं व्यायाम, मग चालणं, मग हळू पळणं. जिल्हा संघाची निवड रविवारी होती आणि माझ्या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष. शुक्रवारी बार्शीच्या फिजिओ ताईंनी एका पायावर उभं करून मागं वाकायला सांगितलं. डावा पाय ठीक गेला. उजव्यावर कमरेत सुई टोचल्यासारखं झालं.

"दुखतंय का?" ताईंनी विचारलं.

हा माझाच प्रश्न होता. उत्तरही तोंडात तयार होतं, तेही गल्लीतल्या लोकांच्या आवाजात.

"हो," मी म्हणाले. "उजवीकडं."

ताईंनी ते लिहून घेतलं आणि आणखी सहा आठवडे सांगितले. मी सरांना फोन केला. ते म्हणाले, "हे जूनमध्ये बोलली असतीस, तर आज संघात असतीस."

रविवारी मी निवड कडेला बसून पाहिली. सहा आठवड्यांनी ताईंनी मैदानाला परवानगी दिली. संघ तोवर खेळून, हरून परतला होता. मी शाळकरी मुलींच्या रांगेत बसले, खो मिळाला, उठले. कळ आली नाही. खात्री करायला आणखी दोनदा उठले.

घरी आले तर आजोबा ओट्यावर पालथे पडलेले. मी तीनदा पाय लावला.

"दुखतंय का?"

"न्हाय, गेलं."

"आजोबा, खरं सांगा."

त्यांनी हातानं कंबर धरली.

"लई दुखतंय," ते म्हणाले.

मी त्यांना बार्शीचा पत्ता लिहून दिला.