मास्तरांची ना तू?

बँकेत माझ्यापुढे एक मुलगी बसली होती. नवी नोकरी लागलेली, कामावर जायला स्कूटर हवी, म्हणून कर्ज मागत होती.

"तुम्ही कधी कर्जच घेतलेलं नाही," साहेब म्हणाले. "फेडाल हे आम्हाला कसं कळणार?"

"उधारी करायची नाही असंच शिकवलं घरी, सर."

"तेच नडलं. आधी मोबाइल हप्त्यावर घ्या, वेळेवर फेडा, मग या."

ती हसली, पण उठली नाही.

मला आमचा वाणी आठवला. पैसे घरी विसरले तर तो एवढंच विचारी, "मास्तरांची ना तू?" आणि साखरेचा पुडा हातात देई. ती पत मी मिळवलेली नव्हती.

माझी पाळी आली. मी बाबांच्या मृत्यूचा दाखला पुढे केला.

"खात्यावर आता तुमचं एकटीचंच नाव ठेवायचं ना?" साहेबांनी विचारलं.

हो म्हणायला मला जरा वेळ लागला.